पर्पल सॅक्सिफ्रेजच्या बिया: दोन ठिकाणांहून मागवल्या, एक पाकीट खोटं निघालं, एक खरं (इंदूरचा अनुभव)

आधीच सांगते, मोठं लिहिणार आहे. हे, म्हणजे बर्फाळ मुलखातलं जांभळ्या फुलांचं एक बुटकं झाड, घ्यायच्या आधी मी खूप शोधलं की आपल्यासारख्या गरम गावात, इंदूर म्हणा भोपाळ म्हणा नागपूर म्हणा, कुणी हे लावून बघितलंय का, तर मराठीत सोडाच, हिंदीतसुद्धा काही धड सापडलं नाही, जिकडे तिकडे विकणाऱ्यांचे तेच ते जांभळ्या गालिच्याचे फोटो. आता नोव्हेंबरपासून मेपर्यंत स्वतः करून बघितलंय तर जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, ज्याला घ्यायचं असेल त्याने वाचून ठरवावं.

हे डोक्यात आलं कुठून ते सांगते. मुलगी नॉर्वेत ट्रॉम्सोला शिकायला आहे, गेल्या जूनमधे ती त्यांच्या कोर्सबरोबर आणखी वर, उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर गेली होती आणि तिथून तिने एक फोटो पाठवला. नुसती खडी, बाजूला वितळत असलेला बर्फ, आणि त्या खडीत चिकटून बसलेलं जांभळ्या गुलाबी फुलांचं एक झुबकं, आणि मापासाठी शेजारी तिने पर्समधलं आपलं एक रुपयाचं नाणं ठेवलेलं. एकेक फूल नाण्यापेक्षा लहान. पाच पाकळ्या. पानं तर फोटोत दिसतच नव्हती, झूम केल्यावर कळलं की फुलांखाली जो हिरवा करडा गुंता आहे ती पानंच आहेत, तांदळाच्या कण्यांएवढी. अख्खं झाड जमिनीपासून दोन बोटं उंच असेल नसेल. आमच्या सासूबाई, वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक दिसायला लागलंय त्याचा त्यांना फार आनंद, त्यांनी तो फोटो किती वेळा बघितला असेल देव जाणे. मग नातीला विचारलं नाव काय गं याचं. ती म्हणाली आजी, सॅक्सिफ्रागा, लॅटिनमधे त्याचा अर्थ दगड फोडणारी. आई लगेच म्हणाल्या, "अगं म्हणजे आपला पाषाणभेदच की!"

आणि त्या चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. आयुर्वेदातला पाषाणभेद म्हणतात तो मुख्यतः हिमालयातला बर्जेनिया, आणि तो याच सॅक्सिफ्रागाच्या कुळातला आहे, पूर्वी तर त्याचं शास्त्रीय नावच सॅक्सिफ्रागा लिग्युलाटा असं होतं. म्हणजे इकडे आपल्या लोकांनी आणि तिकडे युरोपातल्या लोकांनी एकाच घराण्यातल्या झाडांना एकाच अर्थाचं नाव ठेवलं, दगडाच्या फटीत वाढतं म्हणूनही आणि मुतखड्यावर देत असत म्हणूनही. आता इंदुरात कुठल्याही नर्सरीत पाषाणभेद मागितलं की पानफुटी काढून देतात, हिंदीत पत्थरचट्टा म्हणतात ती, ती वेगळीच, तिचा याच्याशी काही संबंध नाही. आईंच्या माहेरी धारला वाड्यात पानफुटीच होती आणि तिलाच सगळे पाषाणभेद म्हणायचे. (औषध म्हणून कुणी काही खाऊ नका हं, मी फक्त नावाबद्दल बोलतेय.)

तर आईंना ते झाड बघायचं होतं. हातात घेऊन. मुलीला म्हटलं एक रोप आण येताना, ती म्हणाली आई, अजिबात नाही, स्वालबार्डला झाड तोडायला उपटायला बंदी आहे आणि भारतात बाहेरून झाडं बिया आणायला प्लांट क्वारंटाइनचे नियम आहेत, परमिट लागतं, सर्टिफिकेट लागतं, बॅगेत टाकून आणायची गोष्ट नाही ही. बरोबरच बोलली. म्हणून मग इथेच मिळतंय का बघायला लागले.

पाकीट नंबर एक.

मोठ्या शॉपिंग ॲपवरून घेतलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तसंही तेच फोटो वापरून वीस जण वीस नावांनी विकतायत. १४९ रुपये, ५०० बिया. वर लिहिलेलं पर्पल सॅक्सिफ्रेज, हार्डी, इझी टू ग्रो, फुल सन, ऑल इंडिया. फोटोत एक अख्खा रस्ता जांभळा निळा झालेला आणि दोन्ही बाजूंना मखमल अंथरल्यासारखी फुलं. आता मला कळतं की तो फोटो बघूनच थांबायला हवं होतं, कारण हे झाड निळं कधीच नसतं, जांभळं, गुलाबी जांभळं, क्वचित पांढरं, आणि अख्खा रस्ता भरेल असं ते पसरत नाही, ते अगदी हळू वाढणारं झाड आहे.

पाकीट चार दिवसांत आलं, छान चकचकीत. आतल्या बिया काळ्या, गोल, चमकदार. खरी बी तशी नसते, ती तपकिरी, मळकट, आणि इतकी बारीक की बोटाला लागली तर धूळ वाटेल. पण तेव्हा मला माहीत नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणे गच्चीवर उन्हात कुंडीत पेरल्या, आणि चौथ्या दिवशी सगळ्या उगवल्या. आईंना तर किती आनंद झाला, रोज सकाळी आंघोळ झाल्यावर काठी टेकत गच्चीवर यायच्या बघायला. पंधरा दिवसांत वीतभर झाली रोपं आणि त्यांनीच एक दिवस पान हातात धरून वास घेतला आणि काहीच न बोलता माझ्याकडे बघितलं. माठ होता. भाजीचा लाल माठ. त्या बाईंनी आयुष्यभर माठ निवडलाय, त्यांना पान ओळखायला कितीसा वेळ लागणार.

मला १४९ रुपयांचं नाही काही वाटलं. त्या पंधरा दिवस जिना चढून आल्या त्याचं वाटलं. रिफंड मागितला तर सात दिवसांची मुदत संपली असं उत्तर आलं. मला सांगा, जी वस्तू खरी आहे का खोटी हे उगवल्याशिवाय कळतच नाही तिला सात दिवसांची मुदत ठेवायची म्हणजे काय? आणि खऱ्या सॅक्सिफ्रेजला तर उगवायलाच दोन अडीच महिने लागतात, म्हणजे ज्याला खरी बी मिळाली त्यालाही सात दिवसांत काही दिसणार नाही आणि ज्याला खोटी मिळाली त्यालाही वाटेल थोडं थांबू. त्या पाकिटाला मी एकही स्टार देणार नाही. खाली दोन हजार लोकांनी पाच पाच स्टार दिलेत ते वाचून बघा, सगळे 'डिलिव्हरी फास्ट', 'पॅकिंग अच्छा है', फूल आलं असं लिहिणारा एकही नाही.

त्याच सुमारास खंडवा रोडवरच्या एका नर्सरीत गेले होते खत आणायला, त्या भैय्यांना फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाले, "भाभीजी, ये पहाड़ का माल है, यहाँ नी चलेगा। मई में तो हमारा गुलाब रो देता है।" दुसरं काही गळ्यात मारायचा प्रयत्नही नाही केला. त्यांचं ऐकून सोडून द्यायला हवं होतं असं यांचं म्हणणं होतं. पण मी ठरवलं की एकदा खरी बी मिळवून बघू.

पाकीट नंबर दोन.

हे हिमाचलमधल्या एका माणसाकडून घेतलं, घरगुती काम आहे, दुकान नाही, थंड हवेतल्या झाडांच्या बिया स्वतःच्या बागेतून गोळा करून विकतात. नाव इथे टाकायची त्यांची परवानगी घेतलेली नाही म्हणून टाकत नाही. ४० बिया, ३५० रुपये, वर पोस्टेज. महाग वाटलं, पण ऑर्डर द्यायच्या आधी त्यांनी उलट मलाच विचारलं, "आप कहाँ से हैं?" इंदूर म्हटल्यावर स्पष्ट लिहिलं की उगवेल, पण मैदानातल्या उन्हाळ्यात जगणार नाही, फूल तर येणारच नाही कारण बीपासून फुलापर्यंत दोन तीन वर्षं लागतात, घ्यायचं असेल तर हे समजून घ्या. विकणारा माणूस स्वतः म्हणतोय घेऊ नका. मी तिथेच पैसे पाठवले.

पाकीट साधं, खाकी कागदाचं, त्यावर पेनाने शास्त्रीय नाव, बी कधी गोळा केली तो महिना आणि वर्ष. आत बटर पेपरची पुडी आणि हाताने लिहिलेलं एक पान, काय करायचं त्याचं. पुडी उघडताना फॅन बंद करा असं पहिल्याच ओळीत लिहिलेलं, आणि ते खरंच गरजेचं होतं, मी पांढऱ्या बशीवर काढून आयग्लासने, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाने, मोजल्या, ४३ भरल्या. तीन जास्त.

त्यांची पद्धत अशी. ओल्या बारीक रेतीत बी मिसळून झिपच्या पाऊचमधे घालायची आणि फ्रिजमधे खालच्या भागात ठेवायची, फ्रीजरमधे नाही, आठ आठवडे. याला कारण असं की या बीला आधी हिवाळा जाणवावा लागतो, नाहीतर ती धड उगवत नाही. तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी बी पडते, लगेच उगवली तर पुढचा बर्फ तिला मारेल, म्हणून ती थंडीतून गेल्याशिवाय सहसा डोळे उघडत नाही. आमच्या फ्रिजमधे दुधाच्या पातेल्यामागे ते पाऊच नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत होतं, वर चिठ्ठी चिकटवलेली, 'टाकू नका, बी आहे', कारण आमच्याकडे फ्रिज साफ करणारे तिघं जण आहेत.

आता मातीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे मी चूक केली आणि ती इंदूरचा कुणीही करेल. आपल्याला कंपोस्टचा अभिमान असतो आणि तो असावाच, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड याच इंदुरात १९२४ ते १९३१ होते आणि कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणून जगभर जे शिकवतात ते इथलंच काम आहे. माझ्याकडे गच्चीवर दोन ड्रम आहेत, खत अगदी चहापत्तीसारखं होतं. तर मी बियांचे दोन भाग केले, दहा बारा बिया माझ्या खताच्या मातीत टाकल्या आणि बाकीच्या त्या माणसाने सांगितलेल्या मिश्रणात. खतातल्या दोन उगवल्या आणि आठवड्यात बुडाशी काळ्या पडून आडव्या झाल्या. बुरशी. या झाडाला सकस माती नकोच असते, त्याला भुकेलं ठेवावं लागतं, आणि पाणी मुळाशी थांबायला नको. आपली माळव्याची काळी माती तर अजिबात नाही, ती पाणी धरून बसते.

दुसऱ्या मिश्रणात अर्धी गिट्टीची बारीक चुरी, पाव रेती, थोडी पानांची माती, आणि संगमरवराचा चुरा, तो टाइल्सच्या दुकानात फुकट मिळाला. संगमरवर का, तर या झाडाला चुना आवडतो आणि आपल्याकडची काळी गिट्टी बेसाल्टची असते, तिच्यात तो तेवढा नसतो. पाणी मी बोअरिंगचं घातलं, ज्याने आपल्या बादल्यांना पांढरा थर चढतो तेच. इतर कुंड्यांना मी नर्मदेचं देते, इथे पहिल्यांदा बोअरिंगचं पाणी कामाला आलं.

३ फेब्रुवारीला पहिलं रोप दिसलं. दिसलं म्हणजे आईंना दिसलं, मला नाही. त्या उत्तरेकडच्या गॅलरीत खुर्ची टाकून माझं आयग्लास घेऊन बसल्या होत्या आणि मला हाक मारली, "इकडे ये, श्वास जपून घे." दोन हिरवे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. महिनाअखेर अकरा झाली.

आणि मग हळूहळू जे दिसत गेलं ते मी जवळून लिहिते कारण ओळख पटायला हेच उपयोगी आहे. पहिल्या दोन पानांनंतर जी पानं येतात ती जोडीने येतात, समोरासमोर, आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात, म्हणजे वरून बघितलं तर अधिकच्या चिन्हावर अधिकचं चिन्ह ठेवल्यासारखं. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मधे या झाडाचं सॅक्सिफ्रागा ओपोझिटिफोलिया असं नाव ठेवलं त्यातलं ओपोझिटिफोलिया म्हणजे हेच, समोरासमोर पानं असलेली. पानाच्या कडेला पापण्यांसारखे ताठ केस. आणि पानाच्या टोकाला एक बारीक खळगा, त्यातून झाड पाणी बाहेर टाकतं आणि ते वाळलं की चुन्याचा पांढरा ठिपका राहतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला तो ठिपका दिसला. मी फोटो काढून मुलीला पाठवला, तिने ट्रॉम्सोच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईंना दाखवला, त्या म्हणाल्या हो, हेच आहे. ती बाग १९९४ पासून आहे, विद्यापीठाची, जगातली सगळ्यात उत्तरेची बोटॅनिकल गार्डन म्हणतात तिला, तिकीट नाही, फाटक नाही, कुणीही कधीही जावं. तेव्हा खात्रीच झाली, ३५० रुपयांत खरं सॅक्सिफ्रेज सुदामानगरच्या गॅलरीत उगवलं होतं.

मार्चच्या शेवटी सगळ्यात मोठं रोप पिस्त्याएवढं. एप्रिल लागला आणि एकेक जायला लागलं.

इथे मला त्या हार्डी शब्दाबद्दल बोलायचंय, कारण दोन्ही पाकिटांवर तो होता आणि माझं सगळं म्हणणं त्या शब्दाबद्दलच आहे. आपण हार्डी वाचतो आणि आपल्याला वाटतं काटक, म्हणजे बोगनवेलीसारखं, सदाफुलीसारखं, काहीही झालं तरी जगणारं. आणि हे झाड काटक आहेच, प्रश्नच नाही. स्वित्झर्लंडमधे डोम नावाच्या शिखराजवळ ४५०५ मीटरवर ते सापडलंय, युरोपात एवढ्या उंचीवर दुसरं कुठलंही फुलझाड सापडलेलं नाही, आणि तिथे उन्हाळ्यातसुद्धा रात्री गोठतं. ग्रीनलंडच्या पार उत्तरेला कॅफेक्लुबन म्हणून बेट आहे, त्याच्यापुढे जवळपास जमीनच संपते, तिथेही हे आहे. स्वालबार्डला आपल्या भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून आहे, तिथल्या खडीतही हेच. कॅनडातल्या नुनावुतने २००० साली हे आपलं अधिकृत फूल केलं, तिथले इनुइट लोक याच्या पाकळ्या खातात. बर्फ गेल्यावर काही दिवसांतच फुलतं कारण कळ्या आदल्या वर्षीच तयार करून ठेवलेल्या असतात. एवढं सगळं ते करतं.

पण हे सगळं थंडीपुरतं. उन्हाचं नाही. आणि गंमत म्हणजे ज्या गोष्टीने ते तिथे जगतं त्याच गोष्टीने ते इथे मरतं. ते असं जमिनीला चिकटून उशीसारखं घट्ट वाढतं ना, ते उष्णता धरून ठेवायला. तिकडे बाहेरच्या हवेपेक्षा त्या गुंत्याच्या आत ऊन असताना कितीतरी जास्त ऊब असते, वारा आत शिरत नाही, त्या उबेवर ते पानं चालवतं, फूल काढतं. आता तीच उशी आपल्या एप्रिलमधे ठेवा. बाहेर ३९ असेल तर तिच्या आत काय होत असेल? आणि रात्रीचं आणखी वेगळं. झाड दिवसा साखर बनवतं आणि रात्री श्वसनात थोडी खर्च करतं, रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त, आणि थंड मुलखातल्या झाडांचा हा खर्च मुळातच जास्त असतो. आपली माळव्याची रात्र गार म्हणून नावाजलेली, शब-ए-मालवा म्हणतात, पण माझ्या गॅलरीतल्या थर्मामीटरवर एप्रिलमधे पहाटे पाचला २३ होतं, आणि या झाडाला २३ म्हणजे भर दुपार. रोज रात्री कमाईपेक्षा जास्त खर्च, असं महिनाभर. रोप करपत नाही, वाळत नाही, नुसतं फिकट होत होत मधूनच तपकिरी होतं आणि हात लावला की मोडतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की बियांच्या पाकिटावर हार्डी लिहिताना कशाला हार्डी ते लिहा. थंडीला का उन्हाला. दोन शब्द जास्त लागतील. ऑल इंडिया लिहिणाऱ्याने तर निदान द्रासला विकतोय का इंदूरला एवढा विचार करावा.

एप्रिलच्या मध्याला तीन रोपं उरली होती तेव्हा यांनी एक उपाय केला, तो लिहिते. एक मोठा माठ, त्यात एक लहान कुंडी, मधल्या जागेत रेती, आणि रेती सतत ओली. वर पांढरं ओलं फडकं तंबूसारखं, चारी बाजूंनी हवा जाईल असं. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, आपण प्यायचं पाणी माठात गार होतं तेच. एप्रिल मेमधे इंदुरात हवा इतकी कोरडी असते की हे जोरात चालतं, बाहेर ४० असताना आतल्या कुंडीच्या चुरीत थर्मामीटर खुपसून मी २६ वाचलंय. दर तीन तासांनी रेतीवर पाणी, दुपारी आई, संध्याकाळी मी, रात्री झोपायच्या आधी हे. त्या तीन रोपांनी असे पंचवीस दिवस काढले. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस ढग आले, हवा दमट झाली, पाणी उडेना, आणि तीनही गेली, शेवटचं १३ मेला सकाळी.

त्याच आठवड्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला, ट्रॉम्सोच्या त्या बागेतून, तिकडे बर्फ नुकता गेला होता आणि दगडांमधे हे फुललेलं. तिने फोन अगदी फुलाजवळ नेला, एक माशी बसलेली तीसुद्धा दिसली. आई बराच वेळ बघत होत्या आणि मग म्हणाल्या पानं दाखव, फूल नको. नातीने पानं दाखवली. "हं, ठिपका आहे," म्हणाल्या. आमच्या रोपांवर त्यांनी तो ठिपका महिनाभर रोज बघितला होता, त्यांना तोच ओळखीचा होता.

तर आता घ्यायचं का? फुलांसाठी घेणार असाल तर इंदूर, उज्जैन, देवास, नागपूर कुठेच घेऊ नका, कुणाकडूनही घेऊ नका, फूल येणार नाही. खाली पसरणारं, भर उन्हात फुलणारं काही हवं असेल तर चिनी गुलाब लावा, ऑफिस टाइम म्हणतात तो, दहा रुपयांची काडी आणि मे महिन्यात तो खुशीत असतो. पण घरात कुणी असं असेल की ज्याला टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी रोज बघत बसायला आवडतं, शाळेतली मुलं असोत नाहीतर आमच्या आईंसारखं कुणी, तर त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडून जरूर घ्या, फेब्रुवारी ते एप्रिल तीन महिने पैसे वसूल आहेत. ओळखायचं कसं म्हणाल तर तीन गोष्टी बघा. पाकिटावर बी गोळा केल्याचं वर्ष आहे का. बिया पाचशे देतोय का चाळीस. आणि तुम्ही कुठे राहता हे त्याने विचारलं का. ऑर्डर ऑक्टोबरात टाका, म्हणजे नोव्हेंबरात फ्रिजमधे जाईल, नंतर टाकली तर उगवेपर्यंत मार्च येईल आणि मग काही अर्थ नाही.

दुसऱ्या पाकिटाला पाचपैकी पाच. रोपं मेली तरी पाच, कारण जे सांगितलं होतं तेच झालं.

शेवटचं रोप गेल्यावर मी त्या हिमाचलवाल्यांना कळवलं, म्हटलं तुमचं म्हणणं बरोबर होतं. त्यांचा लगेच मेसेज आला, "इंदौर में तेरह मई तक? मटके वाला तरीका ज़रा लिखकर भेजिए, यहाँ नीचे के गाँव वालों के काम आएगा।" यांनी बसून स्केलने आकृती काढली, मापं टाकली, मी हिंदीत लिहून पाठवलं. या वर्षीच्या बियांतलं एक पाकीट ते आमच्यासाठी बाजूला ठेवणार आहेत. यावेळी दोन माठ करायचेत, आणि ढगाळ दिवसांसाठी आत छोटा कॉम्प्युटरचा पंखा लावून बघायचं यांच्या डोक्यात आहे. माठ धुऊन गच्चीवर उपडे घातलेत.